जुने नाव, नवीन नाव

दिवाळीत लातूरला घरी गेलो होतो. "वर्षातून दोनदा येतूस, तेवढं कपाट तरी आवर" असा आईचा हुकूम झाला आणि खालच्या कप्प्यातून बाबांची हिरवी पत्र्याची पेटी बाहेर निघाली. आत नेहमीचाच ऐवज. मार्कमेमो, नियुक्तीचा आदेश, एलआयसीच्या पावत्या. आणि या सगळ्याखाली दुहेरी प्लॅस्टिकमध्ये घडी करून ठेवलेलं एक पिवळं पडलेलं छापील पान. वर 'महाराष्ट्र शासन राजपत्र', खाली बारीक अक्षरात नावांच्या रांगा. एका ओळीखाली निळ्या शाईने रेघ मारलेली. जुने नाव दगडू, नवीन नाव दिनकर. पुढे आजोबांचं नाव आणि आमचं आडनाव, दोन्ही जिथल्या तिथे.

मला आयुष्यभर माहीत असलेले बाबा म्हणजे दिनकर. माझ्या पासपोर्टवर, ऑफिसच्या बॅजवर, पगाराच्या स्लिपवर मधलं नाव दिनकर. आजी त्यांना शेवटपर्यंत दगड्या म्हणायची, पण ते आजीचं लाडाचं नाव असावं असंच मी धरून चाललो होतो. आजी लोकांचं काही सांगता येत नाही.

तर या पानामुळे गेले तीन-चार वीकएंड मी नावबदल या विषयात अडकलोय. तुम्हीही थोडे अडका.

आधी दगडूची गोष्ट. बाबांच्या आधी आजीची दोन लेकरं गेली होती. कंधार तालुक्यातलं खेडं, पन्नासचं दशक, दवाखाना म्हणजे बैलगाडीचा दिवसभराचा प्रवास. तिसरं लेकरू झालं तेव्हा कुणीतरी म्हातारीने सांगितलं, याचं नाव चांगलं ठेवू नका. दगडाला यम नेत नसतो. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरबा, कचरू, उकिरडा, भिकू ही नावं अशीच आली. लेकरू नकोसं आहे असं नशिबाला भासवायचं आणि गुपचूप वाढवायचं. एका अर्थाने हे फायरवॉलच की!

पण हीच नावं दुसऱ्या घरात वेगळ्या वाटेने आलेली असतात, हेही सांगायला हवं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कुणाचं नाव कसं असावं याचे नियम आहेत. ब्राह्मणाचं मंगलसूचक, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं तुच्छता दाखवणारं. म्हणजे कचरू हे नाव एका आईने मायेने ठेवलेलं असू शकतं आणि शेजारच्या वस्तीत तेच नाव गावाने लादलेलं असू शकतं. छापील राजपत्रात दोघांची ओळ सारखीच दिसते. कारण तिथे कारण छापत नाहीत.

नाव कागदावर यायचं ते शाळेत. जन्माची नोंद करायचा कायदा १९६९ चा आहे, पण खेड्यात ती नोंद होणं ही कित्येक वर्षं दुर्मिळच गोष्ट होती. खरी जन्मनोंद म्हणजे शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर. बाप लेकराला घेऊन यायचा, गुरुजी विचारायचे नाव काय, बाप सांगायचा दगडू, गुरुजी लिहायचे दगडू. जन्मतारीख? बाप म्हणायचा, मोठ्या पुराच्या साली. गुरुजी लिहायचे १ जून. मराठवाड्यात १ जूनला जन्मलेली माणसं किती आहेत हे कुठल्याही सरकारी कार्यालयात विचारून बघा. बाबा स्वतः १ जून १९५५ चे. पुढे तेच जिल्हा परिषदेचे गुरुजी झाले आणि त्यांनीही शेकडो पोरांना १ जून वाटला. ३१ मे २०१३ ला ते रिटायर झाले तेव्हा तालुक्यात इतके निरोप समारंभ होते की हारवाल्याची चांदी झाली. :)

म्हणजे घाईघाईत भरलेली एक एंट्री, आणि पुढचं सगळं आयुष्य, टीसी, सनद, नोकरी, पेन्शन, त्या एंट्रीला जोडलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा एंट्री ऑपरेटरने टेस्टिंगला टाकलेली व्हॅल्यू प्रॉडक्शनमध्ये प्रायमरी की म्हणून गेली.

ती बदलायची कशी? इथे मला पहिला धक्का बसला. सामान्य माणसाने नाव कसं बदलावं हे सांगणारा एक स्वतंत्र असा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. जे आहे ते रूढीने आणि प्रशासकीय नियमांनी चालतं. राज्य राजपत्राचे भाग असतात, त्यातल्या भाग दोनमध्ये नाव, धर्म आणि जन्मतारीख बदलल्याच्या जाहिराती येतात. दर गुरुवारी. मुंबईत चर्नी रोडला शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय आहे, तिथला हा कारभार. आता अर्ज आणि अंक दोन्ही ऑनलाइन आहेत. बाबांच्या वेळी काय होतं, अर्ज कुठे दिला, पैसे किती भरले, हे त्यांना आता आठवत नाही. "पोस्टानं आलं होतं" एवढंच म्हणतात.

दुसरा धक्का त्या पानावरच्या सूचनेचा. तिचा आशय असा, की या जाहिराती संबंधित व्यक्तीच्या अर्जावरून, कागदपत्रांची पडताळणी न करता छापल्या आहेत, त्यांच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही. म्हणजे सरकार तुम्हाला नवीन नाव देत नाही! नाव तुम्हीच बदललेलं असतं. सरकार फक्त चारचौघांत ओरडून सांगतं की हा माणूस असं म्हणतोय. पूर्वी गावात दवंडी पिटायचे, तीच ही दवंडी, फक्त कागदावर. आणि तरीही पासपोर्टवाले, आधारवाले, बँकवाले, सगळे पूर्ण नावबदलासाठी हाच कागद मागतात.

प्रोग्रामर मंडळींना हे चटकन समजेल. राजपत्र म्हणजे मास्टर टेबल नव्हे, लॉग आहे. नुसतं वाढत जाणारं. जुनी नोंद कुणी खोडत नाही, खाली नवीन नोंद येते, इतकंच. दगडू खोडला गेलेला नाही. उलट तो छापून कायमचा झालाय.

राजपत्र हा प्रकार मूळचा इंग्रजांचा. 'लंडन गॅझेट' १६६५ मध्ये निघालं, आणि तेही ऑक्सफर्डला, कारण लंडनमध्ये प्लेग होता आणि राजा तिकडे जाऊन राहिला होता. आमच्या भागात मात्र ते आलं ते निजामाच्या राज्यातून, आणि त्याचं नाव होतं 'जरीदा'. उर्दू. फर्मान निघालं की जरीद्यात छापायचं. सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन झाली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि जरीदा जाऊन राजपत्र आलं. खेडं तेच, सरकारी दवंडीची भाषा मात्र बदलली.

जाता जाता एक. सध्या मराठवाड्यात 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द पानटपरीवरसुद्धा ऐकू येतो. २ सप्टेंबर २०२५ ला आझाद मैदानावरच्या मनोज जरांगे पाटलांच्या उपोषणानंतर सरकारने जो जीआर काढला, तो त्यावरच होता. पण ते गॅझेट नव्हे, गॅझेटियर. गॅझेट म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या गोष्टी. गॅझेटियर म्हणजे प्रदेशाचं वर्णन: लोक किती, जाती कुठल्या, पिकं काय. दोन अक्षरांच्या फरकाने दोन वेगळी पुस्तकं होतात, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे भांडण नावाचंच आहे. आजोबाच्या पुढे काय लिहिलं होतं?

असो. मला खरी मजा आली ती नांदेडमध्ये. नावबदलाचा इतिहास लिहायचा तर नांदेडइतकं योग्य गाव सापडणार नाही.

१७०८ साली गोदावरीकाठी माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. त्याचं मूळ नाव लछमन देव, परंपरा सांगते की राजौरीचा. म्हणजे माधोदास हे आधीच दुसरं नाव. त्या वर्षी गुरू गोविंदसिंग नांदेडला आले, दोघांची भेट झाली आणि बैरागी बंदासिंग झाला. पुढे पंजाबात जाऊन त्याने १७१० मध्ये सरहिंद घेतलं, नाणी पाडली, पण त्यावर स्वतःचं नाव घातलं नाही, गुरूंचं घातलं. १७१६ मध्ये दिल्लीत त्याला हाल करून मारलं. नांदेडचा बंदाघाट त्याच्याच नावाचा. कुठलं राजपत्र, कुठलं अ‍ॅफिडेव्हिट? आणि गुरूंनी तरी १६९९ मध्ये काय केलं होतं? खालसा स्थापन करताना पुरुषाने सिंग आणि बाईने कौर लावायचं ठरवलं. नावाच्या शेवटी बसून माणसाची जात सांगणारा जो भाग असतो, त्याच जागेवर हात घातला.

दुसरं उदाहरण आमच्या विद्यापीठाचं. माझ्या डिग्रीवर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड असं लिहिलंय. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे हे नेते. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत होते, पुढे अंबाजोगाईला. संन्यास घेतला आणि रामानंद तीर्थ झाले. जुन्या हिंदू कायद्यात संन्यास म्हणजे नागरी मृत्यू समजतात. वारसाहक्क संपतो, खेडगीकर कायद्याने मेले असं धरायचं. म्हणजे नाव बदलायची ही सगळ्यात कडक पद्धत, जुनं रेकॉर्ड बंदच! पण त्याच संन्याशाच्या नावाने ते १९५२ ला गुलबर्ग्यातून आणि १९५७ ला औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून गेले.

आता जे लिहायचं आहे ते गमतीने लिहिता येत नाही.

औरंगाबादला १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याच्या आधीच, १९५० मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे तिथे कॉलेज काढलं होतं. मराठवाड्यातल्या दलित पोरांची शिकलेली पहिली पिढी मोठ्या प्रमाणात तिथून निघाली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं ही मागणी त्यातूनच आली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन दहाच दिवस झाले होते.

आणि मराठवाडा पेटला. दंगल शहरांपुरती राहिली नाही, ती शेकडो गावांत शिरली. घरं जाळली, विहिरी नासवल्या, लोकांनी रात्रीतून गावं सोडली. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत सगळ्यात जास्त. ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना हालहाल करून जाळून मारलं. बाबा तेव्हा तेवीस वर्षांचे, नुकतेच नोकरीला लागलेले. एवढ्या वर्षांत ते या विषयावर फार बोललेले नाहीत. या वेळी पेटी समोर होती म्हणून विचारलं. म्हणाले, "शाळा उघडली तेव्हा एका बाजूची पोरं आलीच नव्हती. हजेरी घ्यायलो तर नाव घेतलं की वर्ग गप. मी पुढचं नाव घ्यायचो." थोड्या वेळाने म्हणाले, "मी घरी जाऊन विचारायला पाहिजे होतं." यावर मी काय बोलणार? हजेरीपटावर नाव आहे आणि पोरगं नाही. आणि गुरुजी पुढच्या नावावर गेले. त्यात माझे बाबाही होते, हे मला या दिवाळीत कळलं.

ठराव झाला, पण अंमलबजावणी थांबली. १९७९ च्या नोव्हेंबरात जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरहून औरंगाबादला लाँग मार्च काढला. सरकारं आली-गेली. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला निर्णय झाला, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. नामांतर मागितलं होतं, मिळाला त्याला लोक नामविस्तार म्हणतात. जुनं नाव गेलं नाही, त्याच्या आधी नवीन लागलं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं वेगळं विद्यापीठ झालं, आणि लातूर-नांदेड-परभणीची कॉलेजं तिकडे गेली. हा योगायोग होता की तोडगा, यावर आमच्याकडे अजून दोन मतं आहेत. मला तोडगाच वाटतो.

ठरावापासून निर्णयापर्यंत साडेपंधरा वर्षं. एका पाटीसाठी. पाटीच तर आहे, नावात काय ठेवलंय, असं मीही कॉलेजात असताना म्हणायचो. ज्याचं नाव आधीपासूनच सगळ्या पाट्यांवर आहे त्याला तसं म्हणणं परवडतं.

गावांच्या नावाचं तर विचारूच नका. माझ्या आईच्या टीसीवर लिहिलंय, तालुका लातूर, जिल्हा उस्मानाबाद. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. सातव्या निजामाच्या नावाचं उस्मानाबाद २०२३ मध्ये धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे अधिपती म्हणवायचे, ते लट्टलूर म्हणजे आजचं लातूर असं मानतात. निजामाच्या काळातलं मोमिनाबाद परत अंबाजोगाई झालं. आई मात्र जागची हललेली नाही!

आईवरून आठवलं. भाग दोनचा कुठलाही अंक उघडून बघा, लग्नानंतर नाव बदललेल्या बायका किती भेटतात ते. आमच्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि पुष्कळदा पहिलं नावसुद्धा जातं. ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीने नवीन नाव लिहायचं. तांदळात लिहिलेलं नाव दोन मिनिटांत आवरून ठेवतात, बाईला मात्र ते जन्मभर पुरतं. बायकोने नाव बदललं नाही तेव्हा आमच्याकडे थोडी कुजबुज झाली होती. बाबा तेव्हा एकच वाक्य बोलले होते, "कशाला त्या कागदांच्या भानगडी". मला वाटलं आळस बोलतोय. अनुभव बोलत होता.

आणि मुलींची ती दुसरी नावं. सातारा जिल्ह्यात मुलीवर मुलगी झाली की नकुशी ठेवायचे. नको असलेली. इथे यमाला फसवणं वगैरे काही नव्हतं, जे मनात होतं तेच नाव होतं. २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात अशा २८५ मुलींचं एकत्र बारसं करून नवीन नावं दिली. काही मुली शाळेत जाणाऱ्या होत्या, म्हणजे हजेरीला रोज ते नाव ऐकून 'हजर' म्हणणाऱ्या.

आता चित्र बदलतंय. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सीबीएसईच्या एका प्रकरणात सांगितलं की नाव हा कलम १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, बोर्डाला सरसकट अडवता येणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच पुरावा, म्हणजे १ जूनवाली जमात आता संपणार. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. सॉफ्टवेअरमध्ये तीनच खाने ठेवलेल्या सगळ्यांना शुभेच्छा.

परत त्या पिवळ्या पानाकडे येतो. मी आधी नीट बघितलंच नव्हतं, तारीख १९८६ ची आहे. एप्रिल. बाबा तेव्हा आठ-नऊ वर्षं नोकरीत होते. दगडू गुरुजी म्हणून त्यांना सगळा तालुका ओळखत होता, सर्व्हिस बुकही त्याच नावाने. मग एवढ्या उशिरा का बदललं? मी विचारलं तर म्हणाले, "असंच." आई आतून म्हणाली, "असंच काय? जूनमध्ये तुझं नाव शाळेत घालायचं होतं."

टीसीवर माझं मधलं नाव दगडू लागलं असतं. बाबांना स्वतःला त्या नावाचा त्रास होता का, हे मला अजून कळलेलं नाही. आजी जिवंत असेपर्यंत त्यांनी तिला एकदाही टोकलं नाही, "दगड्या" म्हटलं की "ओ" म्हणायचे. पण रजिस्टरमध्ये एकदा काय लिहिलं गेलं की काय होतं, हे गुरुजींइतकं कुणाला माहीत असणार?

सध्याची परिस्थिती अशी. गावाकडच्या चार एकराच्या सातबारावर नाव अजून दगडूच आहे. चुलत्यांबरोबर वाटणी करायची आहे आणि कार्यालयात सांगितलंय की दगडू आणि दिनकर ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा, सोबत राजपत्राची प्रत. म्हणून तर कपाट आवरायला लावलं होतं, हे मला नंतर कळलं. प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी काल रात्री टाइप केला. "दगडू ऊर्फ दिनकर" असं लिहिलं. बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. सकाळी उत्तर आलं: "दिनकर ऊर्फ दगडू कर."